नो क्लेम नाना

आमच्या सोसायटीतल्या नानांना निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेलं घड्याळ कपाटात आहे. देवघराशेजारच्या खणात जपून ठेवलीय ती गाडीची पॉलिसी. तिच्यावर छापलंय, 'नो क्लेम बोनस ५० टक्के'.

"पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि ५०," नाना पाढा म्हणतात. "पाच वर्षं ओळीने एक पैसा मागायचा नाही, तेव्हा मिळतो. याच्या वर पदवीच नाही." आणि गाडी विकली तरी बोनस माणसापाशीच राहतो, हे सांगताना तर त्यांचा कीर्तनकार होतो. गाडी म्हणजे देह, बोनस म्हणजे आत्मा.

गेल्या वर्षी कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभे होतो आणि मागून 'धप्' झालं. नानांनी हँडब्रेक ओढला, चष्मा पुसला आणि उतरले. बंपरचा एक कोपरा आत गेला होता. मागच्या गाडीतून तिशीतला एक तरुण धावत आला.

"सॉरी काका. पण इन्शुरन्स असेलच ना तुमचा?"

'मंगळसूत्र आहे ना, मग टाका गहाण,' असं कुणी म्हटल्यासारखा नानांचा चेहरा झाला.

"आहे म्हणून वापरायचा?" त्यांनी खिशातून पेट्रोलची पावती काढली आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडला. "बंपर ६,०००. प्लास्टिकचा, म्हणून निम्मे घसाऱ्यात गेले. उरले ३,०००. त्यातले १,००० सक्तीने माझ्या अंगावर. कंपनी देणार २,०००. रंगमजुरीचे धरा आणखी दोन. आणि बोनस गेला तर? ओन डॅमेजचा माझा हप्ता साडेचार हजार, त्याचा होणार नऊ. पुन्हा वीस, पंचवीस करत पन्नासला पोचेपर्यंत पाच वर्षं. एकूण फटका ११,२५०!"

मागे हॉर्न वाजत होते. नानांनी बेरीज पुन्हा तपासली.

"तुमच्या कंपनीकडून वसूल करायचे तर दाव्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढायची. तोवर बंपर गंजेल."

"नाना, प्लास्टिक गंजत नाही," मी म्हणालो.

"मी गंजेन. तेव्हा, रोख काढा."

तरुणाने मुकाट्याने आपल्या गाडीकडे बोट दाखवलं. हेडलाइट तडकला होता, बॉनेटला पोचा पडला होता. "काका, माझेच आठ-दहा हजार जातील. मीही क्लेम करणार नाहीये. माझा पंचेचाळीस आहे."

नानांनी पेनला टोपण लावलं.

"चार वर्षं पुरी झाली?"

"हो. फेब्रुवारीत पाच होतील."

"मग अजिबात हात लावू नका," नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "शेवटच्या वर्षीच माणसं घसरतात."

मग तिथेच, हॉर्नच्या गजरात, दीक्षा झाली. नानांनी आपल्या डेंटरचा पत्ता दिला, शोरूमची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं, पॉलिसी संपल्यावर नूतनीकरणाला ९० दिवसांहून जास्त उशीर झाला तर सगळं पुण्य पाण्यात, हेही सांगितलं. रोख रकमेचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

घरी काकूंनी पातेलंभर पाणी उकळून दिलं. नानांनी ते बंपरवर ओतलं आणि आतून हात घालून पोचा ढकलला. तो निम्माच बाहेर आला. "घसारा," नाना म्हणाले. तेव्हापासून गाडी भिंतीकडे पाठ करून लागू लागली.

फेब्रुवारीत नाना पेढे घेऊन दारोदार फिरले.

"आमच्या एका मुलाला पन्नास टक्के मिळाले!"

"असू दे हो," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पेढा घेत म्हणाल्या. "पास झाला ना, झालं तर."

संध्याकाळी खाली उतरलो तर नानांची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पोचा नुकताच पुसलेला दिसत होता.