गल्ल्यावरचे वैद्यबुवा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४पासून गांजा राजरोस दुकानात मिळतो. दुकान आलं की गल्ला आला, गल्ल्यामागे माणूस आला. तो माणूस वैद्यबुवाही असतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळलं. संशोधकांच्या वतीने एका बाईने तिथल्या ४०० दुकानांना फोन लावला : ‘गरोदरपणाचा आठवा आठवडा आहे, सारखं मळमळतं. काही आहे का?’

६९ टक्के दुकानांकडे होतं! नसायला काय झालं? भूक लागली म्हटल्यावर भेळवाला उपास सुचवत नाही. गरोदरपणात गांजा निर्धोक असल्याची ग्वाहीही ३६ टक्क्यांनी देऊन टाकली. गांजा सुचवायला आधार? बहुतेकांचा, स्वतःचं मत. ‘आधी डॉक्टरांना विचारा’ हे आपणहून सुचलं ते जेमतेम एक तृतीयांश मंडळींना.

‘पण नैसर्गिक आहे हो!’ असेल. तंबाखूही कुठल्या कारखान्यात उगवत नाही. गांजातलं टीएचसी हे नशेचं रसायन वार ओलांडून थेट बाळापर्यंत पोचतं. कॅनडातल्या ऑन्टारिओत साडेसहा लाखांवर गर्भारपणांची नोंद तपासली, तेव्हा गांजा घेणाऱ्यांत मुदतीआधीची बाळंतपणं १२ टक्के निघाली, न घेणाऱ्यांत ६. यात सिगारेट, गरिबी यांचाही वाटा असतो. तो वजा केला तरी धोका उरलाच. आणि गंमत पाहा : वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्या काहींना त्याच गांजाने न थांबणाऱ्या उलट्यांचा आजार जडतो. म्हणजे औषधही तेच आणि दुखणंही तेच, गिऱ्हाईक कायमचं!

मळमळीवर बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन असं पारखलेलं औषध डॉक्टरकडे आहे. मग बाई दुकानात का जाते? कारण अमेरिकेतल्या काही राज्यांत गरोदर बाईच्या तपासणीत गांजा सापडला, की प्रकरण बालसंरक्षण खात्याकडे जाऊ शकतं. दवाखान्यात खरं बोलावं तर मूल हिरावलं जाण्याची भीती, दुकानात खरं बोललं तर सवलतीचं कूपन. बाईने कुठे तोंड उघडावं, तुम्हीच सांगा.

तेव्हा डॉक्टरांनी आणि सरकारने या वैद्यबुवांकडून एवढं जरूर शिकावं : बाई विचारायला आली की दरडावू नये, गोड बोलावं. औषध तेवढं त्यांचं देऊ नये.