आजी, आठ कुठं पडले?

लेकराला बेरीज यावी असं वाटत असेल, तर त्याला जरा लबाड माणसाशेजारी खेळायला बसवावं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. पण उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या तीर्थपुरीतल्या एखाद्या ओसरीवर डोकावलं, तर पटायला वेळ लागत नाही. ऊन मी म्हणतंय, लाईट गेलीय, मोबाईलची बॅटरी उतरलीय (हा सगळ्यांत दुर्मिळ योग), आणि फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट आखून आजी नातवंडांशी चल्लस-आठ खेळतेय. या खेळाला गावोगावी वेगळं नाव आहे, पण आजी सगळीकडं तीच.

फासे विकत आणायचे नसतात. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार अर्धुकं होतात. ती फेकायची. जेवढ्या पांढऱ्या बाजू वर, तेवढी घरं चालायचं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा फेकायला मिळतं. बाहेरच्या फेरीत सोळा घरं, आतल्या फेरीत आठ, मधलं एक, झाली पंचवीस. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही. म्हणजे तो आपल्यापासून किती घरं लांब आहे, हा हिशेब डोक्यात सतत चालू. वजाबाकी वजाबाकी म्हणतात ती हीच, फक्त इथं तिच्यात जीव घेण्याची सोय आहे.

आता आजीच्या चालीकडं बघा. तीन पडले तर ती सोंगटी एक-एक घर सरकवत नाही. उचलते, हवेत फिरवते आणि चौथ्या घरात अलगद ठेवून पदर सावरते.

"ए आज्जे, तीन पडले होते! तू चार चालली!"

"मला मेलीला कुठं नीट दिसतंय बाबा. तूच मोज."

आजीची नजर कमजोर आहे यात शंका नाही, पण ती नेहमी फायद्याच्याच बाजूला कमजोर असते. एखाद्या वेळी सात घरं लांबची सोंगटी एकाच फेकीत मारायची असली, की तिला चिंचोके जमिनीला टेकायच्या आत आठ दिसतात आणि त्यातलं एक घर वाटेत विरघळून जातं. नातू मग सोंगटी मूळ घरात नेऊन ठेवतो, प्रत्येक घरावर बोट आपटत मोठ्यानं मोजतो. धाकटी नात दुसऱ्या बाजूनं मोजते, कारण तिचा भावावरही भरवसा नाही.

वर्गात गुरुजी ताळा करून बघा म्हणतात, तेव्हा लेकरांच्या कपाळावर आठ्या पडतात. उत्तर लिहून झालं, आता पुन्हा कशाला? इथं ताळा करायला कुणी सांगत नाही. ताळ्यावरून मारामाऱ्या होतात. अविश्वासाइतका मन लावून मोजायला लावणारा मास्तर मी तरी पाहिला नाही.

महाभारतातही असंच आहे. बाहुक नावानं सारथी झालेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला विदर्भाकडं घेऊन निघालाय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा रथातून नुसतं बघून सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंचाण्णव फळं आहेत. दुसरा कुणी असता तर "वा महाराज!" म्हणून घोडे हाकले असते. नल रथ थांबवतो, उशीर होतोय म्हणून राजा कळवळतोय तिकडं लक्ष न देता झाड तोडतो आणि फळं मोजतो. बरोबर निघतात. मग राजा त्याला अक्षविद्या देतो आणि बदल्यात अश्वविद्या मागून घेतो. त्या काळी फासे म्हणून वापरत ती बेहड्याचीच फळं. उलट धर्मराज! शकुनीनं "जिंकलो" म्हणायचं आणि यानं पुढचा पण लावायचा. ही नलाची गोष्ट बृहदश्व ऋषींनी धर्मराजाला वनवासात सांगितली आणि शेवटी अक्षविद्याही शिकवली. शिकवणी लागली, पण पेपर होऊन गेल्यावर.

परदेशात यावर रीतसर अभ्यास झालाय. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या लहान लेकरांना एक ते दहा आकडे ओळीनं मांडलेल्या पटावर भिंगरी फिरवून खेळवलं. थोड्याच वेळच्या त्या खेळानं त्यांची आकड्यांची समज वाढली. नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांची वाढली नाही. पुढं २०१४ साली एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांच्या पटावर आणखी बारीक गोष्ट पाहिली. सोंगटी सदतीसवर असताना तीन पडले, तर "एक, दोन, तीन" म्हणण्यापेक्षा "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस" म्हणत चालणाऱ्या लेकरांना जास्त फायदा झाला. सापशिडी घरोघरी आहेच. एवढी एक सवय लावली तर खर्च काही नाही.

पण इथंच आईबापांचा पाय घसरतो. खेळातून गणित येतं हे कळलं, की त्यांना खेळाचं पुस्तक करण्याची घाई होते. डाव ऐन रंगात आलेला असताना बाबा फासा मुठीत धरून विचारतात, "बरं, आता सांग बरं, पाच नि चार किती?" लेकराला त्या क्षणी लघवीला लागते. खेळणाऱ्याला नऊ घरं चालायची असतात; नऊ हे उत्तर द्यायचं नसतं. आजीनं आयुष्यात कधी "किती?" विचारलेलं नाही, तिला फक्त जिंकायचं असतं. म्हणून तिच्यासमोर कुणी पळून जात नाही.

खेळवायचंच असेल तर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, खेळवावा. फरशीवर एक ते बारा अशा बारा जोड्यांच्या लेना आखायच्या. दोन फासे फेकून जी बेरीज येईल, ती बैलजोडी एक घर पुढं. ज्यानं त्यानं आपली जोडी आधीच निवडायची. कुणीतरी हौसेनं एक नंबरची घेतंच आणि ती जागची हलत नाही. दोन फाशांत एक पडणार कसा? हे सांगू नये. चार-सहा फेकींनंतर त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, त्याची मजा घ्यावी. दोन आणि बारा या जोड्याही रडतखडत चालतात. छत्तीस रीतींपैकी सात सहा रीतींनी पडतात, दोन आणि बारा एकेकाच रीतीनं. शहाणं लेकरू दुसऱ्या डावाला सातसाठी भांडतं. खऱ्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाचं अंतिम शिक्कामोर्तब व्हायला मे २०२३ उजाडला. या पटाला आईची परवानगी पुरते.

दोन रंगांचे फासे असतील तर लाल दशक, पांढरा एकक. लाल सहा नि पांढरा तीन म्हणजे त्रेसष्ट. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन" अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! फाशांना तो वाद ठाऊक नाही. साठ तीन म्हणा की त्रेसष्ट, समोरच्याचे छप्पन्न असतील तर डाव आपला, एवढं दोन्हीकडं सारखं कळतं. आणखी एक गंमत: फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सातच असते. वर दोन दिसले की खाली पाच. एकदा हे कळलं की लेकरू आठवडाभर घरातल्या सगळ्यांना "खाली किती ते न बघता सांगू?" विचारत हिंडतं. त्याला हाकलू नये.

शेजारून कुणीतरी म्हणतंच, "लेकरांना जुगार लावला का?" समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात, त्यामुळं उपदेशाला इथं तोटा नाही. असं म्हणणाऱ्यांना सांगावं की दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदाच म्हणतात, खंडोबा-म्हाळसेच्या सारीपाटाची गाणी वाघ्या-मुरळी गातात, आणि मोक्षपट तर परंपरेनं ज्ञानोबांच्या नावावर आहे. एवढ्यानंही नाही पटलं, तर त्यांना एक डाव खेळायला बसवावं. पैसा मात्र पटावर येऊ देऊ नये. पणाला लावायचे ते चिंचोके किंवा मोसंबीच्या फोडी. हारलेल्या फोडी मोजून द्याव्या लागतात, हा शेवटचा हिशेबही लेकरंच चोख करतात.

तेव्हा या सुट्टीत पट आखा, चिंचोके फोडा, आजीला मधे बसवा. ती चार घरं जादा चालली तर डोळेझाक करा. आणि "आई, लेकरांसमोर असं करू नये" म्हणून तिला समजवायला जाऊ नका. अभ्यासाचं नुकसान होईल.