आणखी एक हात

गाडीला ओरखडा पडला की माणसं पेंटरकडे जातात. मोठेभाऊ हार्डवेअरच्या दुकानात जातात. असे एक मोठेभाऊ तुमच्याही गल्लीत असतीलच. आमचे लाखनीला राहतात, एवढंच.

"पेंटरले कायले पैसे द्याचे? डब्बा आनला, एक हात मारला, का झालं!"

भाऊंच्या चेतकचा मूळ रंग आता फक्त आरसी बुकाला ठाऊक. वर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की 'बजाज' हे नाव बोटांनी चाचपून वाचावं लागतं. पॉलिश पेपर आणतात, पण अर्धी गाडी घासेपर्यंत धीर सुटतो. प्रायमर त्यांच्या मते गेटासाठी असतो. ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश वाळतो, श्रावणातल्या ओलीत तर फारच सावकाश. भाऊंना तेवढी फुरसत नाही. सकाळी गाडीवर धानाचा कोंडा, दोन चिलटं आणि नातवाचा पंजा.

"काही नाही होत नं. आणखी एक हात मारतो."

पेट्रोल सांडून टाकीच्या झाकणाभोवती रंग पोपडला? आणखी एक हात. एकदा कुणीतरी डुकोचं थिनर दिलं. ते लागताच खालचा रंग सुरकुतून फुगला. "डिझाइन आली," भाऊ म्हणाले. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना असल्यानं आमच्याकडे जो तो निम्मा इंजिनिअर. भाऊंचं निदान असं, की कंपनीवाल्यांना ब्रश जमत नाही म्हणून ते फवारतात.

शेवटी मी वैतागून विचारलं, "पण दरवर्षी डबा आणताच कायले?"

"पोळ्यासाठी नं बापा."

खरंच. गल्लीतल्या बैलांची शिंगं भाऊच रंगवतात. आणि तिथं (हे सांगताना मला जरा जडच जातंय) हात असा चालतो, की बैलानं मान झटकली तरी बुडापासून टोकापर्यंत एक ओघळ नाही. पूर्वी अख्खा डबा शिंगांवरच संपायचा. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो. गल्लीत एकच जोडी उरली, शिंगं चार. उरलेल्या रंगावर साय धरते आणि भाऊंना तो फेकवत नाही. मग चेतक, कूलरचा स्टँड, शेजाऱ्याचं गेट.

यंदा डबा घेऊन माझ्या दारात आले, नजर माझ्या मडगार्डवर. मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि पोरीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पुढे केला. भाऊंनी तो उलटासुलटा पाहिला, अंगठ्यानं शिंग घासून बघितलं.

"आधी पेपर मारा लागन," म्हणाले. "मंग प्रायमर. घाई नाही कराची."