सोंग घेऊन प्रेम कसे जमवावे : पोहरादेवीच्या यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिका

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत बंजारा समाजाचे तांडेच्या तांडे लोटतात. विदर्भ-मराठवाड्याचे येतात, तेलंगण-कर्नाटकचेही येतात. जगदंबेचे दर्शन झाले, सेवालाल महाराजांच्या समाधीवर माथा टेकला, शेजारच्या उमरीला सामकी मातेपुढे हात जोडले, की लग्नाळू तरुणाच्या हाती थोडा रिकामा वेळ उरतो. तो सत्कारणी लागावा म्हणून ही मार्गदर्शिका. मूळ रूपात आपल्याला नकार मिळेल अशी ज्याला रास्त शंका आहे, त्याने दुसऱ्या रूपात कसे उभे राहावे, याचे शास्त्र मराठी रंगभूमीने केव्हाच सिद्ध करून ठेवले आहे. आपण ते फक्त पाळायचे.

१. वेष : पहिली पसंती संन्याशाला द्यावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, त्यात अर्जुन हाच वेष घेतो. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवलेले आहे आणि अर्जुनाला सुभद्रा हवी आहे. तो यती होतो. बलराम भक्तिभावाने त्याला घरी आणतो आणि सेवेला कोणाला नेमतो? सुभद्रेलाच. यात अर्जुनाची हुशारी फार नाही. बलरामाला घरबसल्या पुण्य हवे होते, म्हणून त्याने यतीला गाव विचारले नाही. तेव्हा दाढी चिकटवण्याआधी एवढे पाहावे, की समोरच्याला फसायची हौस आहे ना. ती असेल तर दाढी वाकडी असली तरी चालते.

स्थानिक सूचना : पोहरादेवीत हा वेष जपून वापरावा. इथे भगवे दिसले की आधी चार म्हाताऱ्या पाया पडतात आणि मग म्हणतात, “महाराज, अरदास म्हणा.” बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली ही प्रार्थना पाठ नसेल तर तिथेच पडदा पडतो.

२. मौन : बोलण्यात पकडले जाण्याची भीती असेल तर मुके व्हावे. हा उपाय आपल्या वऱ्हाडाचाच. खामगाव-जळगाव जामोदकडे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘मूकनायक’ लिहिले, त्यात नायक मुक्याचे सोंग घेतो. वकिलाने मौनाचे महत्त्व सांगावे, यावरूनच उपायाची ताकद कळते. मात्र खिशातला मोबाइल बंद ठेवावा. आईचा फोन आला की भलेभले मुके बोलू लागतात.

३. परीक्षा : ‘माझ्याकडे काही नसते तरी हिने मला पसंत केले असते का?’ असा प्रश्न पडल्यास गरिबाचा वेष घ्यावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमाना’त श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला आधी धुडकावते आणि मग वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याच्यासमोर वावरते. तो वनमालेवर भाळतो. भामिनीला वाटते, आपण त्याची परीक्षा घेत आहोत. त्याला वाटते, आपण श्रीमंतीला लाथ मारून साधेपणावर प्रेम करत आहोत. प्रत्यक्षात जिला नाकारले तिच्याच प्रेमात तो पडलेला असतो, आणि ज्याला नाकारले त्याच्याच प्रेमात ती. त्यात भर म्हणजे भामिनी झाले होते बालगंधर्व. म्हणजे पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यायचा आणि त्या स्त्रीने आणखी एका स्त्रीचा. प्रेक्षकांना हे सगळे ठाऊक होते, तरी त्यांनी डोळे पुसले. सोंग कोणाच्या भरवशावर चालते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

४. तसबीर : प्रत्यक्ष वेषाचा खर्च झेपत नसेल तर फोटोवर भागवावे. मोबाइलमध्ये रंग उजळ करता येतो, हनुवटी कोरता येते, पाठीमागे दुसऱ्याची मोटार उभी करता येते. धोका एकच, फोटो भलत्याच हाती पडण्याचा. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त एवढेच घडते. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि तिचा नवरा फाल्गुनराव तेवढ्या पुराव्यावर संशयाचा अख्खा वाडा बांधतो. कृत्तिकाही मागे राहत नाही. ही कथा १६६० साली मोलिएरने फ्रेंचमध्ये मांडली. ती इंग्रजीतून फिरत मराठीत आली, पण कुठल्याही मुक्कामी नवऱ्याला अक्कल आलेली नाही. फाल्गुनरावाने वेष घेतलेला नाही, कोणी त्याला फसवलेलेही नाही. हे काम त्याने एकट्याने, स्वखर्चाने केले आहे.

५. मनाची तयारी : सर्वांत अवघड पायरी हीच. आरशासमोर उभे राहून म्हणावे, “तिने माझ्यातला खरा मी ओळखावा.” खरा मी आपणच दाढीखाली, मौनाखाली नाहीतर फोटोखाली पुरून ठेवला आहे, हे या वेळी आठवू देऊ नये. आठवल्यास पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी. हे एकदा साधले, की समोरची व्यक्ती फसली नाही तरी बिघडत नाही. निदान एक जण तरी पुरता फसलेला असतो.

६. अडचण व निवारण : वरील सर्व पायऱ्या पार पडल्यावर फेटिया-कांचळीतली एखादी आजी तुम्हाला न्याहाळते आणि विचारते, “कोणत्या तांड्याचा रे बाबा? गोत कोणतं?” राठोड, पवार, चव्हाण, जाधव यांपैकी काही सांगण्याआधी विचार करावा. मुलीचेच गोत सांगितलेत तर तुम्ही तिचे भाऊ झालात, विषय मिटला. दुसरे खोटे सांगितलेत, तर त्या गोताचे पाच-पन्नास जण यात्रेत हाकेच्या अंतरावर असतात. चहाचा दुसरा कप येईपर्यंत तुमचा मामा, मामाचा तांडा आणि तिथला नायक कोण, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळलेले असते. बलरामाने हा एक प्रश्न विचारला असता तर ‘सौभद्र’ पहिल्याच अंकात आटोपले असते.

निवारण : नाही.

म्हणून शेवटची सूचना. दाढी, कमंडलू, उसनी मोटार ज्याची त्याला परत करावी. आजीला खरा तांडा, खरे गोत आणि खरी नोकरी सांगावी. नसल्यास नाही म्हणून सांगावे. मुलीलाही तेच सांगावे, आणि तिचे उत्तर ऐकण्याइतका वेळ थांबावे. ती नाही म्हणाली, तर तो नकार निदान तुमचा स्वतःचा असेल, संन्याशाचा नाही.