१८ टक्के करडा

लग्नात पंगत कोणी वाढायची यावर आमच्या घरात बैठक बसते, फोटो कोणी काढायचे यावर मात्र बसत नाही. ते काम माझ्याकडे येतं, कारण कॅमेरा माझ्याकडे आहे. दुसरं कारण आजवर कोणाला सापडलेलं नाही. त्यामुळे पुतण्याचा संघ तालुक्याच्या शालेय कबड्डीत उतरला आणि सामने संध्याकाळी हॉलमध्ये, मॅटवर ठरले, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, बॅटरी चार्ज करून ठेवा."

तयारी म्हणून मी आमच्या पारोळ्याच्या किल्ल्यावर सराव केला. फोटो इतके सुरेख आले, की मी ते स्वतःच पुन्हा पुन्हा बघत बसलो. हरी सदाशिव दामोदरांनी १७२७ साली बांधलेला हा भुईकोट तेव्हापासून जागचा हललेला नाही आणि त्याच्यावर खानदेशचं ऊन पडलेलं होतं, या दोन गोष्टी मी हिशेबात धरल्या नाहीत. कबड्डीचा गडी हलतो. हॉलला ऊन नसतं. तिथे वर पत्रा आणि पत्र्याखाली ट्यूबलाइट.

रात्री जागून मी कॅमेऱ्याची पुस्तिका वाचली. मीटरिंगचे प्रकार तीन. 'मॅट्रिक्स' अख्ख्या चौकटीचा उजेड बघून हिशेब मांडतो, 'सेंटर-वेटेड' मधल्या वर्तुळाला जास्त मान देतो आणि 'स्पॉट' चौकटीतला एक बारका ठिपका तेवढा मोजतो. मला स्पॉट आवडला. मोठे फोटोग्राफर तोच वापरत असणार, असं त्याच्या नावावरूनच वाटत होतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं, की समोर काहीही असो, ते १८ टक्के करडं आहे असं धरूनच मीटर आकडा सांगतो. पांढरा सदरा दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो काळवंडतो. काळा दिसला की वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळतो. तंटा मिटवायला बसलेल्या पंचासारखा तो दोन्ही बाजूंना मध्यावर ओढतो. हे पान मी वाचलं, पण झोपेत.

पुतण्याच्या संघाचे टी-शर्ट पांढरे होते, समोरच्यांचे काळे.

पहिली चढाई आमची. मी ठिपका चढाईपटूच्या छातीवर धरला. कॅमेऱ्याने पांढरा टी-शर्ट बघितला, शटर १/१६०० वर नेलं आणि हॉलमध्ये मध्यरात्र केली. पुढची चढाई त्यांची. ठिपका काळ्या टी-शर्टवर पडला, शटर थेट १/१०० वर उतरलं, मॅट दुधासारखी पांढरी झाली आणि चढाईपटूला चार हात फुटले. मग डाव्या कोपऱ्याने घोटापकड केली. काळे-पांढरे एकमेकांवर कोसळले आणि ठिपका कोणावर पडला ते कॅमेऱ्यालाच ठाऊक.

मागे बसलेले एक पालक पडद्यावर वाकून म्हणाले, "भाऊ, यामा मना पोऱ्या कथा शे?"

मी आत्मविश्वासाने एका सावलीवर बोट ठेवलं.

"हाऊ ते पंच शे!"

मग मी सेंटर-वेटेड लावला. तो मधल्या वर्तुळावर भर देतो आणि कबड्डीत मध्यभागी बहुतेक वेळ कोणीच नसतं, त्यामुळे निळ्या मॅटचं मोजमाप अचूक झालं. मग मॅट्रिक्स. त्यात चौकटीत वरची ट्यूब आली, की खालचे चौदाच्या चौदा खेळाडू अंधारात. मध्यंतर होईपर्यंत माझ्याकडे सगळं होतं: रात्र, दुपार, धुकं आणि पंच. बोनस गुण मिळवणारा पुतण्या तेवढा नव्हता.

मध्यंतरात मी चहाला गेलो आणि कॅमेरा अकरावीतल्या पुतणीच्या हातात दिला. परत आलो, मॅट्रिक्स आहे ना एवढं तपासलं आणि दुसरा डाव टिपायला बसलो. काय सांगू! फोटो एकामागून एक देखणे. पांढरे टी-शर्ट पांढरे, काळे काळे, चेहऱ्यावरचा घामसुद्धा दिसतोय. पुतण्याने निदान रेषेपलीकडे टाकलेला पाय असा आला, की मागच्या पालकांनी मला लिमलेटची गोळी दिली.

रात्री घरी भरीत आणि कळण्याची भाकरी होती. कौतुक चाललेलंच होतं, मी त्यात भर घातली. म्हणालो, "हे मॅट्रिक्स साधं नाही. १९८३ साली निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात हे तंत्र पहिल्यांदा आलं. चौकटीचे ५ भाग करून तो विचार करायचा. आपण फक्त योग्य मोड निवडायचा. निवड महत्त्वाची." भाकरी मोडताना मी बहुधा हातही उंचावला होता.

पुतणी म्हणाली, "काका, मध्यंतरात मी डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, फिरवला होता. १/५००, एफ २, आयएसओ ३२००."

"आणि मीटरिंग?"

"ते कशावर होतं मी पाहिलंच नाही. एमवर मीटरचा काटा नुसता हलतो. त्याचं कोणी ऐकत नाही."

दादा माझ्याकडे बघून उगाचच हसला.

"पण तुला आकडे कसे कळले?"

"भावाच्या चेहऱ्याचे फोटो काढून बघत गेले, नीट आल्यावर थांबले. हॉलमधले दिवे सामना संपेपर्यंत तेच होते ना? बदलत होते ते टी-शर्ट. मग उजेड एकदा मोजायचा की टी-शर्ट सारखे सारखे मोजायचे?"

मी मुद्दा सोडणारा माणूस नाही. दुसऱ्या डावातले काही फोटो जरा मंद आले होते, ते शोधून काढले. "हे बघ, तुझा एमही चुकतो!"

"ते ट्यूबमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १/५०० इतकं कमी वेळ शटर उघडलं, की कधी कधी नेमका मंद क्षण हाती लागतो."

वहिनींनी मला भरीत वाढलं. न मागता वाढलं, यावरून माझी अवस्था समजावी.

संघ पुढच्या फेरीत गेला आहे. परवा क्रीडाशिक्षकांचा फोन आला. फोटो सगळ्यांना फार आवडले म्हणाले. पुढच्या सामन्यालाही कॅमेरा हवाच, सोबत पुतणीला पाठवा, आणि तुम्हाला त्या दिवशी काही काम असेल तर अजिबात संकोच करू नका.

मी लगेच काम काढलं.