रेडिओवाले आप्पा

सामना कोणी जिंकला, हे आप्पांना विचारू नये. ‘कुठल्या केंद्रावर होता?’ असा उलटा सवाल येतो. मोबाइलवर पाहिला म्हणावं, तर पंगतीचं आमंत्रण सोडून जेवणाचा फोटो चाटून आल्यासारखं आपल्याकडे बघतात.

आप्पा बोईसरजवळच्या सालवडचे. एमआयडीसीत बॉयलरवर उभी हयात गेली. पण गावाला ते ठाऊक रेडिओवाले म्हणून. रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर, भोवती खडूची चौकट. मीडियम वेव्हच्या रेडिओत फेराइटची कांडी असते. ती ट्रान्समीटरला आडवी राहिली की आवाज चढतो. ट्रान्समीटर मालाडला, म्हणजे सालवडच्या दक्षिणेला, म्हणून कांडी पूर्व-पश्चिम. सुनेने पुसता पुसता रेडिओ कोनात फिरवला आणि तेवढ्यात विकेट पडली, तर ती सुनेच्या नावावर. त्यात शेजारच्या कारखान्याची मोटर सुरू झाली की नुसती घरघर. पहाटे ती बंद असते आणि ऑस्ट्रेलियातला सामना स्वच्छ लागतो. तेवढ्यावरून आप्पांना त्या देशाबद्दल विशेष माया आहे.

क्रिकेट शोभतं ते आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’ केंद्रावर, हे मत बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून बनलेलं. ‘ब’ची अस्मिता वाहिनी झाली, आप्पांची झाली नाही. विविध भारतीवर क्रिकेट लावलं की गाणीही बाटतात आणि क्रिकेटही. आणि एफएम? ‘वैतरणा ओलांडली की धाप लागते त्याला!’

यंदा गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची बैठक बसली. पोरांनी सामने यूट्यूबवर दाखवायचं ठरवून टाकलं होतं. आप्पा म्हणाले, “ते असू दे. रेडिओचं काय?”

पिशवीतून फाइल निघाली. २०११च्या धोरणात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण स्थानिक सामन्याचं थेट समालोचन चालतं. “आपण स्थानिक आहोत की नाही?” यावर कुणाचं दुमत नव्हतं. मग २००७चा कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं आणि रेडिओच्या जाहिरातींचं उत्पन्न निम्मं-निम्मं.

“आप्पा, आपली जाहिरात एकच, चिकन सेंटरची. तीही पैशांत नाही.”

“मग अर्धी कोंबडी प्रसार भारतीला जाईल. कायदा म्हणजे कायदा.”

“पण आपला सामना राष्ट्रीय महत्त्वाचा कुठे आहे?”

“ते सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं. अर्ज करायला काय जातं?”

अर्ज लिहूनच आणला होता. खाली अध्यक्षांच्या सहीची जागा मोकळी.

कुणीतरी सुटका म्हणून सामुदायिक रेडिओचं नाव काढलं आणि बैठक आणखी लांबली. १०० वॅटचा ट्रान्समीटर, बोईसर सहज गाठेल, मनोऱ्याची उंची अमुक. “आप्पा,” खजिनदार काकुळतीला आला, “आपला कर्णाही पास्थळपर्यंत ऐकू जातो की.”

“कर्ण्याला केंद्र नसतं!” आप्पा कडाडले.

एवढा अभ्यास असलेल्या माणसाला धावसंख्या विचाराल तर बोंब. १९८३चा विश्वचषक आपण जिंकला हे त्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी रेडिओचे सेल किती उतरले होते हे जास्त नीट आठवतं. मला विचाराल तर खेळावर एवढं निर्मळ प्रेम दुसऱ्या कुणाचं नसेल. दोन्ही संघ त्यांना सारखेच परके.

शेवटी समितीने डाव टाकला. अंतिम सामन्याचा माइकच आप्पांच्या हाती दिला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, घसा खाकरला. कर्ण्यातून आवाज निघाला, “नमस्कार. हे आकाशवाणीचं... नव्हे, सालवडचं केंद्र आहे. ५३७.६ मीटर अर्थात ५५८ किलोहर्ट्झ... ते आपल्याला लागू नाही. ही आमची तिसरी सभा. प्रथम वेळ, नंतर हवामान, नंतर क्रीडांगणाची माहिती...”

हवामान संपता संपता दोन षटकं होऊन गेली. सलामीचा फलंदाज बॅट काखेत मारून मंडपाशी आला. “आप्पा, मी आउट झालो, एवढं तरी सांगा!”

आप्पांनी माइकवर हात ठेवून त्याला गप्प केलं, हात काढला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, “काही तांत्रिक कारणामुळे पहिली दोन षटकं आम्ही प्रसारित करू शकलो नाही. व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.”