नवखा पादचारी, मुक्काम बर्लिन

बर्लिनमधला नवखा मराठी पादचारी सर्वाधिक संख्येने ऑक्टोबरमध्ये, विद्यापीठांचे हिवाळी सत्र सुरू होताना आढळतो. आयटीतला उपप्रकार बारमाही आहे. हातात उभा धरलेला मोबाइल आणि अंगात थेट जानेवारीसाठी घेतलेले जाकीट, यावरून तो लांबूनही ओळखू येतो. पुण्या-नाशिकच्या रहदारीतून सहीसलामत मोठा झाल्यामुळे रस्त्याने चालणे ही शिकण्याची बाब आहे, हेच त्याला मुळात मान्य नसते.

पहिली अडचण मानेची. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. त्यामुळे फुटपाथवरून उतरताच धोका येतो तो डावीकडून. नवख्याची मान मात्र आधी उजवीकडे वळते. तिकडे सामसूम पाहून तो पाऊल टाकतो आणि भलत्याच बाजूने हॉर्न ऐकतो. आठवड्याभरात तो एकेरी वाहतुकीच्या गल्लीतही चारी दिशांना पाहू लागतो.

मग सिग्नल. टोपी घातलेला, ठेंगणा 'आंपेलमान' पूर्व बर्लिनमधले वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी 1961मध्ये सुचवला. एकीकरणानंतर तो काढायला निघालेल्या यंत्रणेला लोकांनी विरोध केला आणि आता तो पश्चिम भागातही भेटतो. लाल असताना तो दोन्ही हात पसरून उभा राहतो. नवख्याला हे आडकाठीपेक्षा आर्जव वाटते. रात्री अकरा वाजता, नजर पोचेल तिथवर एकही गाडी नसताना, कुत्र्याला घेऊन हिरव्याची वाट पाहणाऱ्या आजी त्याला अनाकलनीय वाटतात. तो पुढे निघतो. आजी काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. नियम मोडल्याचा दंड 5 युरो आहे. त्याचे रुपये करून नवखा हळहळतो, पण आजींच्या बघण्याचा हिशेब त्याला लागत नाही. काही सिग्नलांवर मुलांपुढे आदर्श ठेवण्याची विनंती करणारी पाटीही असते. ती वाचता येऊ लागल्यावर तो ओलांडण्यापूर्वी आसपास मूल आहे का, एवढे पाहून घेतो.

उलट बाजूही आहे. तो कायदा पाळायला लागला की अर्ध्या रस्त्यात हिरवा माणूस लाल होतो. उतरलेल्याने तसेच पुढे जायचे असते आणि तेवढा वेळ यंत्रणेने धरलेला असतो. नवखा मात्र धावत मागे येतो आणि आजींच्या शेजारी पुन्हा उभा राहतो.

झेब्रा क्रॉसिंगवरचा प्रसंग सर्वांत प्रेक्षणीय. गाडी त्याच्यासाठी थांबते. गाडी पायी माणसासाठी थांबेल, ही शक्यताच त्याच्या हिशेबात नसल्याने तोही थांबतो. ड्रायव्हर हात करतो, 'चला'. तो हात करतो, 'आधी तुम्ही'. हा शिष्टाचार मागे तीन गाड्या साचेपर्यंत चालतो. शेवटी तो ओलांडतो, पण गाडीला उगाच ताटकळवल्याच्या संकोचाने, पळत.

फुटपाथवर तरी निर्धास्त असावे, तर तिथे सायकलींचा पट्टा असतो. अनेक ठिकाणी तो लालसर फरशीचा, गुळगुळीत आणि मोकळा असतो. नवखा बॅगेची चाके त्यावरूनच नेतो. मागून घंटी वाजते. देशात घंटी म्हणजे 'मी येतोय' एवढी माहिती. इथे तो निवाडा असतो.

पुढचा टप्पा पत्त्याचा. मोबाइलवरचा बाण खरी दिशा चार पावले टाकल्यावर सांगतो आणि बहुधा उलटे जायचे असते. लगेच वळणे लाजिरवाणे म्हणून नवखा मेसेज आल्यासारखा थबकतो, कपाळाला आठ्या घालतो आणि फार महत्त्वाचे काही आठवल्याच्या आविर्भावात मागे फिरतो. त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते. नावांचा घोळ निराळा. शोनहाउझर आले वेगळे, आल्टे शोनहाउझर श्ट्रासे वेगळे आणि नोये शोनहाउझर श्ट्रासेही वेगळे. 1920मध्ये आसपासची गावे शहरात आली ती आपापली रस्त्यांची नावे घेऊनच. म्हणून बर्लिनर श्ट्रासे बर्लिनमध्येच अनेक आहेत आणि पिनकोडाविना निघालेला माणूस भलत्याच उपनगरात पोचतो.

घरक्रमांकही सरळ नाहीत. अनेक जुन्या रस्त्यांवर ते एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात. कुरफ्युर्स्टेनडाम तर 11पासूनच सुरू होतो आणि तिथे समोरच्या बाजूला दोनशेच्या वरचे आकडे असतात. सम-विषम धरून चालणारा नवखा त्यामुळे पाऊण तास एकाच दुकानावरून जातो. कोपऱ्यावरच्या पाटीवर त्या तुकड्यातले घरक्रमांक बारीक अक्षरांत दिलेले असतात. ते दिसायला साधारण महिना लागतो. 'मारुतीच्या देवळासमोर' अशी खूण सांगणारा पानवाला इथे नाही.

शेवटी दार. फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. बेलपाशी आडनावे असतात. मित्र पोटभाडेकरू असला तर तिथे त्याचे नसून मूळ भाडेकरूचे नाव असते. शिवाय इमारतीमागे अंगण, अंगणामागे दुसरी इमारत आणि बाजूला आणखी एक पंख. वाड्यात वाढलेल्यांना ही रचना चटकन कळते, सोसायटीत वाढलेले अंगणातून फोन लावतात.

त्याला स्वतःची खोली मिळाल्यावर घरमालक बेलवर नाव लावतो. 'कुलकर्णी'ची स्पेलिंग पहिल्या खेपेस चुकते. 'सहस्रबुद्धे' पट्टीत मावत नाही.